थ्रेड : एका दिवसात मुद्रित झालेला अल्बम आणि कारखान्यात गमावलेली बोटांची टोके

१/ १६ ऑक्टोबर १९६९. बर्मिंगहॅमचे वीस-एकवीस वर्षांचे चार तरुण लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरले आणि एका दिवसात आपला पहिला अल्बम मुद्रित करून बाहेर पडले. बँडचे आणि अल्बमचे नाव एकच : ब्लॅक सबाथ. हेवी मेटलचा आरंभ अनेक अभ्यासक येथूनच मानतात. हा जड, काळवंडलेला नाद आला कोठून?

२/ चौघेही अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतले. महायुद्धातील बॉम्बवर्षावाच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या या परिसरात कारखाना हेच बहुतेकांचे भवितव्य होते. गायक ऑझी ऑस्बर्न काही काळ कत्तलखान्यात राबला होता. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता.

३/ आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा होता. कामाच्या शेवटच्या दिवशी त्याला सवय नसलेल्या यंत्रावर उभे करण्यात आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका हाच.

४/ कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही जँगो थोर गिटारवादक ठरला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चढवले आणि हलक्या तारा वापरण्यास आरंभ केला.

५/ येथे एक प्रचलित समज तपासणे आवश्यक आहे. ‘बोटे दुखत म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि त्यातून हा नाद जन्मला’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु पहिल्या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच स्वरांत लावलेली आहे. तारा लक्षणीय सैल झाल्या त्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये.

६/ मग १९६९ मधील जडपणा कशाचा? संथ लय, गिटारच्या पावलावर पाऊल टाकणारा बास, आणि स्वरांची निवड. शीर्षकगीताची मुख्य धून आपल्या परिभाषेत सांगायची तर सा, तार सा आणि मग तीव्र मध्यम अशी चालते. या अस्वस्थ अंतराचा बोटांच्या दुखापतीशी थेट संबंध जोडता येत नाही.

७/ पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. त्यामुळे मैफलीत वाजवावे तसे सलग वाजवून गाणी मुद्रित झाली. आयोमीची गिटार ऐनवेळी बिघडली. उरलेला अल्बम त्याने राखीव गिब्सन एसजीवर वाजवला आणि पुढे तीच त्याची ओळख ठरली. आरंभीचा पाऊस, गडगडाट आणि घंटानाद मागाहून जोडले गेले.

८/ १३ फेब्रुवारी १९७० रोजी अल्बम प्रसिद्ध झाला. ‘रोलिंग स्टोन’ने त्याची खिल्ली उडवली, ब्रिटनच्या श्रोत्यांनी तो आठव्या क्रमांकावर नेला.

९/ एक अपघात, एक संगीतप्रकार : अशी कथा सुटसुटीत असते, म्हणूनच ती टिकते. अल्बम मात्र अधिक गुंतागुंतीचा पुरावा देतो. त्यातील दोन गाणी इतर बँडची आहेत, आणि ब्लूजचा वारसा पानोपानी दिसावा तसा त्यात जागोजागी ऐकू येतो. दुखापतीने वादकाचे तंत्र बदलले, दारिद्र्याने मुद्रणाची पद्धत ठरवली, स्वर मात्र त्यांनी स्वतः निवडले.

१०/ ५ जुलै २०२५ रोजी हे चौघे अखेरचे एकत्र वाजले ते अ‍ॅस्टनमधील व्हिला पार्कवर. आयोमीच्या बोटांवर तेव्हाही टोपणे होती.