कूटचे युद्धकैदी

युद्धाचा इतिहास आपण लढायांच्या आणि तहांच्या तारखांनी ध्यानात ठेवतो. परंतु शरण गेलेल्या शिपायाची खरी परीक्षा त्या तारखेनंतरच सुरू होते. पहिल्या महायुद्धातील कूट-अल-अमाराची हकीकत याची साक्ष देते.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बगदादवर चालून गेलेली सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसकाठच्या कूट गावी कोंडली गेली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुज्ञा मागवावी लागली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. शिपायांबरोबर भिस्ती, आचारी आणि इतर बिनलढाऊ नोकरही होते.

येथून कैदेच्या दोन वाटा फुटल्या. टाउनशेंडची बडदास्त इस्तंबूलजवळच्या प्रिंकिपो बेटावर राहिली. साधा शिपाई मात्र भुकेला, आजारी, असा बगदाद, मोसुल करीत बहुतांशी पायीच हाकलला गेला. मुसलमान शिपायांना वेगळे काढून आपल्या बाजूस वळविण्याचा प्रयत्नही तुर्कांनी केला.

वाटेत जे वाचले त्यांपैकी पुष्कळ हिंदी कैदी आजच्या सीरियातील रास-अल-ऐन येथे पोचले. तेथे जर्मन भांडवलावर बगदाद रेल्वे बांधली जात होती. इराकच्या आघाडीवर फौजा व दारूगोळा नेण्यास तुर्कांना ती हवी होती. म्हणजे ज्या सैन्यात हे शिपाई लढले, त्याच्याच विरुद्ध उपयोगी पडणारा मार्ग त्यांनी घालावयाचा! माती खणणे, भराव टाकणे, रूळ वाहणे ही कामे भुसावळ जंक्शन पाहिलेल्या आपणां खानदेशकरांना समजावून सांगावयास नकोत. पण आपला गँगमन संध्याकाळी घरी परततो. त्या मजुरांपुढे होता तो छावणीतला अपुरा भाकरतुकडा आणि हगवण, ज्वर यांची साथ. ऑक्टोबर १९१८ च्या तहकुबीपर्यंत हजारो माणसे दगावली.

अधिकाऱ्यांनी पुढे आठवणी लिहिल्या. बंगाल रुग्णसेवा पथकातील शिशिर सर्वाधिकारी यांनीही रास-अल-ऐनचे दिवस बंगालीत नोंदवून ठेवले. मराठा शिपायाच्या वाट्याला बहुधा गावच्या शिळेवरचे आकडेच आले. सातारा-रत्नागिरीकडे अशा शिळा आहेत: महायुद्धावर इतके गेले, इतके कामास आले. या दोन आकड्यांच्या मध्ये जे परत आले, त्यांनी वाळवंटात काय उपसले, ते शिळा सांगत नाही. इतिहासाने ते सांगितले पाहिजे.