दृष्टिपटलावरील सूज : इंजेक्शनचा उपचार आणि वेळेचे मोल

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील शिरूर आणि भीमाकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके. ऊसशेती, साखर कारखाने, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे येथील राहणीमान गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलले. या बदलाबरोबर मधुमेहही आला. हा आजार आता केवळ शहरांपुरता उरलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जिल्ह्यातील सहा गावांमध्ये १९९३ पासून केलेल्या अभ्यासात, वजनाने हलक्या नवजात बालकांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे आढळले होते. ग्रामीण भागातील मधुमेहाचे मूळ किती खोलवर असू शकते, याची त्यावरून कल्पना येते.

मधुमेहाच्या ज्या उपद्रवांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्यांपैकी एक म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी द्रव साचून येणारी सूज.

सूज का येते?

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस असलेला प्रकाशसंवेदी पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे वाचन, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे अशी सूक्ष्म कामे करता येतात. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्राणवायूचा पुरवठा कमी पडलेल्या पेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात. या प्रथिनामुळे वाहिन्या आणखी पाझरू लागतात आणि पीतबिंदूत द्रव साचतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये दृष्टिपटलातील शीर अचानक बंद पडल्यानेही अशीच सूज येते.

लक्षणे व निदान

या सुजेत डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर धूसर होते, सरळ रेषा वाकड्या दिसतात, रंग फिके वाटतात. एक डोळा चांगला असल्यास दुसऱ्यातील दोष महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. एकेक डोळा झाकून दाराची चौकट किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेच्या रेषा पाहण्याची सवय म्हणूनच उपयुक्त ठरते. वयस्कर व्यक्तींमध्ये अंधूक दिसण्याचा संबंध सर्रास मोतीबिंदूशी जोडला जातो आणि तो 'पिकण्याची' वाट पाहिली जाते. सूज पीतबिंदूवर असेल, तर ही प्रतीक्षा महागात पडते. दीर्घकाळ सुजेखाली राहिलेल्या पेशी कायमच्या निकामी होतात.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेली तपासणी आणि 'ओसीटी' ही प्रकाशकिरणांद्वारे होणारी चाचणी यांतून निदान होते. ओसीटीत सुजेची जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. मधुमेहींनी वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात.

औषधे कोणती?

१९८५ पासून अनेक वर्षे लेसर हाच मुख्य उपचार होता. त्याने दृष्टी आणखी घटण्याचा धोका कमी होई. मात्र गेलेली दृष्टी क्वचितच परत येई. व्हीईजीएफला निष्प्रभ करणाऱ्या औषधांनी हे चित्र पालटले.

बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे आतड्याच्या कर्करोगावरील औषध. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी मायामीतील डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते डोळ्यात वापरून पाहिले. त्याच्या एका कुपीतून अनेक मात्रा निघत असल्याने ते सर्वांत स्वस्त पडते. तथापि, मात्रा वेगळ्या करताना निर्जंतुकता पाळली नाही तर संसर्गाचा धोका असतो. गुजरातमधील काही रुग्णांना त्रास झाल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातील वापराबाबत इशारा दिला होता. तो त्याच वर्षी मागे घेण्यात आला.

रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी तयार झाले. अमेरिकेत २००६ मध्ये अन्य एका नेत्रविकारासाठी आणि २०१२ मध्ये मधुमेही सुजेसाठी त्याला मान्यता मिळाली. अहमदाबादच्या इंटास कंपनीने २०१५ मध्ये त्याची जैवसमरूप आवृत्ती भारतात आणली. अफ्लिबरसेप्ट आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फॅरिसिमॅब ही त्यानंतरची औषधे. अमेरिकेत ६६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, दृष्टी थोडीच घटलेली असताना पहिली तिन्ही औषधे जवळपास सारखीच उपयुक्त ठरली. दृष्टी अधिक घटलेल्या रुग्णांत मात्र पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले.

या औषधांनी पुरेसा गुण न आल्यास डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड औषधे डोळ्यात सोडतात. त्यांचा परिणाम काही महिने टिकतो. पण मोतीबिंदू वाढण्याची आणि डोळ्यातील दाब चढण्याची शक्यता असते.

इंजेक्शन कसे देतात?

डोळ्यात इंजेक्शन या कल्पनेनेच अनेकांना धडकी भरते. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर केला जातो, पोव्हिडोन आयोडिनने निर्जंतुक केला जातो आणि बारीक सुईने बुबुळापासून साडेतीन ते चार मिलीमीटर अंतरावर साधारण ०.०५ मिलिलिटर औषध सोडले जाते. हे काम काही क्षणांत आटोपते. गंभीर संसर्ग विरळाच होतो. पण नंतरच्या दिवसांत वेदना, वाढती लाली किंवा नजर घटणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नजीकच्या काळात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असल्यास त्याची कल्पना आधीच द्यावी.

एका इंजेक्शनने भागत नाही

औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून सुरुवातीस दरमहा एक अशी तीन ते पाच इंजेक्शने आणि पुढे ओसीटी पाहून अंतर वाढवत उपचार चालतो. खरी कसोटी येथेच लागते. शिरूर किंवा दौंडहून ७०-८० किलोमीटरवरील पुणे गाठायचे, सोबतीला घरातील एक माणूस न्यायचा, दोघांचाही दिवसाचा रोजगार बुडवायचा. ऊसतोडीच्या हंगामात किंवा नजर थोडी सुधारताच पुढची तारीख चुकते आणि सूज परतते. थेंबांमुळे काही तास धूसर दिसत असल्याने परतीच्या प्रवासात रुग्णाने स्वतः दुचाकी चालवू नये.

पुण्यातील शासकीय ससून रुग्णालय आणि महंमदवाडी येथील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय ही परिचित नावे. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी. खर्च पेलणार नसेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा स्वस्त औषध नियमित घेणे अधिक हिताचे ठरते.

साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे कार्य आटोक्यात नसेल तर इंजेक्शनचा लाभ अपुरा राहतो. गावातील डॉक्टरांकडे होणारी साखरेची तपासणी आणि पुण्यातील नेत्रतज्ज्ञाची तारीख ही एकाच उपचाराची दोन अंगे आहेत. दोन्ही सांभाळल्यास बहुसंख्य रुग्णांची दृष्टी टिकते आणि अनेकांची सुधारतेही.