हॅशची कुळकथा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरची ऐरोली, रबाळे, महापे ही नावं एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांमुळे माहीत होती. आता त्याच पट्ट्यात डेटा सेंटरच्या थंडगार इमारती उभ्या राहिल्या आहेत. पनवेलजवळ योट्टा कंपनीचं एनएम1 हे केंद्र 2020 मध्ये सुरू झालं आणि 2024 मध्ये तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या एन्व्हिडियाच्या चिप्स येऊ लागल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, डिजिटल दप्तरखाना हे शब्द नवी मुंबईत आता रोजच्या बोलण्यात आहेत. तिन्ही वेगवेगळ्या दुनियेतले वाटतात, पण कूळ शोधत मागे गेलं की तिघांचंही नातं एकाच कारागिरीपाशी पोहोचतं. त्या कारागिरीचं नाव हॅश.

कितीही लांबीचा मजकूर घ्यायचा, ठरलेल्या गणिती रीतीने तो कुटून काढायचा आणि शेवटी ठरावीक लांबीची एक खूण मिळवायची, म्हणजे हॅश. आज सर्वत्र चालणाऱ्या एसएचए-256 या रीतीत ही खूण 64 चिन्हांची असते. मूळ मजकुरातली एक वेलांटी बदलली तरी खूण पार वेगळी येते. खुणेवरून मात्र मजकूर परत उभा करता येत नाही.

या कुळाचा मूळपुरुष हान्स पीटर लून. जन्म 1896 चा, जर्मनीतल्या बार्मेनचा. वडील छपाईच्या धंद्यातले, स्वतः लून कापडधंद्यातून आलेला. कापडातले धागे मोजायचं ‘लूनोमीटर’ नावाचं साधन त्याने काढलं होतं. 1941 मध्ये तो आयबीएममध्ये गेला आणि जानेवारी 1953 मध्ये त्याने कंपनीअंतर्गत एक टिपण लिहिलं. प्रश्न साधा होता: लाखो नोंदींतून हवी ती नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत न चाळता कशी सापडेल? त्याचं उत्तर असं की नोंदीच्या क्रमांकावरच थोडं गणित करायचं आणि येणाऱ्या छोट्या आकड्याच्या कप्प्यात ती नोंद टाकायची. शोधताना तेच गणित पुन्हा केलं की थेट त्याच कप्प्यात हात जातो. या टिपणात ‘हॅश’ हा शब्द नव्हता. बारीक चिरणं या अर्थाचा तो शब्द पुढे प्रोग्रामरांच्या तोंडी आला आणि 1968 मध्ये रॉबर्ट मॉरिसच्या लेखानंतर छापील लिखाणात रुळला.

लूनचं दुसरं गणित आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. बँकेच्या कार्डावरचा शेवटचा अंक बँक मनाने देत नाही, तो आधीच्या अंकांवरून निघतो. समजा क्रमांक आहे 4271. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा: 1 चे 2, 7 तसाच, 2 चे 4, 4 तसाच. बेरीज 17. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे 20 ला, 3 कमी पडतात, म्हणून शेवटचा अंक 3 आणि पूर्ण क्रमांक 42713. आता कुणी घाईत 2 आणि 7 ची अदलाबदल करून 47213 लिहिलं, तर 1 चे 2, 2 तसाच, 7 चे 14 म्हणजे अंकांची बेरीज 5, आणि 4. एकूण 13, त्यात शेवटचे 3 मिळवले की 16. दहाची पट नाही, म्हणजे क्रमांक चुकला. मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकाचा शेवटचा अंकही याच रीतीने ठरतो. लूनने या रीतीच्या पेटंटसाठी 1954 मध्ये अर्ज केला, ते 1960 मध्ये मिळालं. मजकूर स्वतःच स्वतःची साक्ष देईल ही कल्पना इथे सामान्य व्यवहारात उतरली. ही साक्ष हाताच्या चुकीपुरतीच होती. मुद्दाम केलेली लबाडी तिने पकडली जात नसे.

याच माणसाने 1958 मध्ये यंत्राकडून लेखाचा सारांश काढून घेण्याची पद्धत मांडली. कोणते शब्द लेखात वारंवार येतात ते मोजायचं आणि असे शब्द जिथे दाटीने आले असतील ती वाक्यं उचलायची. आज यंत्र आपल्याला पानभर मजकुराचा गोषवारा काढून देतं, त्या वाटेवरचं हे पहिल्या पावलांपैकी एक. त्याच वर्षी त्याने शीर्षकातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली लेख सापडावा अशी सूची यंत्राने करून दाखवली आणि ग्रंथालयांनी ती उचलली. कृत्रिम बुद्धिमत्ता, दप्तरखाना आणि हॅश या तिन्ही फांद्या एकाच टेबलावर फुटल्या. लूनचं नाव मात्र कार्डाच्या गणितापलीकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

लबाडी पकडणारी हॅश यायला आणखी वीसेक वर्षं गेली. 1979 मध्ये राल्फ मर्कलने स्टॅनफर्डच्या प्रबंधात हॅशची वंशावळीसारखी रचना दाखवली: दोन-दोन खुणांची मिळून एक खूण, पुन्हा त्यातल्या दोनांची एक, असं करत शेवटी हजारो कागदांसाठी एकच खूण. पुढे रिव्हेस्ट या संशोधकाची एमडी5 ही रीत आली, मग एसएचए-1, आणि 2001 मध्ये एसएचए-256 ज्यात मोडते ते एसएचए-2 घराणं.

खरी गोष्ट घडली ती 1991 मध्ये. न्यू जर्सीतल्या बेलकोर या संशोधनसंस्थेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांना काळजी होती ती दस्तऐवजांची. कागदावर खाडाखोड दिसते, संगणकातल्या फाइलमध्ये मागची तारीख टाकली तर दिसणार कशी? तारखेचा शिक्का मारणारी एखादी संस्था नेमावी, तर तिच्यावर विश्वास का ठेवायचा? त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक कागदाच्या खुणेत आधीच्या कागदाची खूण मिसळायची. मधला एक कागद बदलायचा तर त्यापुढचे सगळे बदलावे लागतील. शिवाय ही साखळी चारचौघांत ठेवायची. त्यांच्या शुअरटी या कंपनीने 1995 पासून दर आठवड्याची एकत्रित खूण ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. एकदा अंक घरोघरी गेला की सगळे अंक गोळा करून खूण बदलणं कुणालाच शक्य नव्हतं.

मराठी दप्तरांत वावरलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक डकवत आणि सांध्याच्या पाठीवर शिक्का उमटवत. अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद काढून दुसरा घातला की ठसा जुळत नसे. मजकूर संपला तिथे शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असे, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडू नये. हेबर-स्टोर्नेटांनी मोडी पाहिली नव्हती आणि दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी नेमकी गरज तीच होती आणि उत्तरही तिथेच, सांध्यावर, सापडलं.

31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या संदर्भयादीतल्या आठ नोंदींपैकी तीन हेबर आणि स्टोर्नेटा यांच्या कामाच्या आहेत. ‘ब्लॉकचेन’ हा जोडशब्द त्या प्रबंधात कुठेही नाही. ब्लॉक आणि चेन हे शब्द तिथे वेगवेगळे येतात, त्यांची जोडी वाचणाऱ्यांनी जमवली. म्हणून ब्लॉकचेन म्हटलं की आधी पैसा आठवतो हे मला उलटं वाटतं. पैसा या घरात फार उशिरा आला. घर बांधलं ते दप्तर सांभाळणाऱ्यांनी.

महाराष्ट्रात हे तंत्र परत दप्तराकडेच वळतं आहे. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे 65,000 जातप्रमाणपत्रांच्या खुणा ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेण्यात आलं. 1 मे 2018 पासून मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामागेही हॅशच आहे, कारण डिजिटल स्वाक्षरी होते ती मजकुराच्या हॅशवर.

नवी मुंबईत तर कागदाचं मोल वेगळं सांगायला नको. 17 मार्च 1970 रोजी सिडको ही शहर वसवणारी संस्था स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनींवर शहर उभं राहिलं. जमिनी गेलेल्यांना मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारसांना जुने फेरफार, वारसनोंदी, भूसंपादनाच्या निवाड्याच्या प्रती जपाव्या लागल्या. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ही स्वतःच एक साखळी आहे. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो. सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक लिहितात. कंसातली नावं आणि क्रमांक धरून मागे गेलं की चार पिढ्यांचा हिशेब लागतो.

या नोंदवहीत एक गोष्ट आहे जी ब्लॉकचेनमध्ये आपोआप येत नाही. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर ती लागते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हॅश एवढंच सांगते की कागद त्या क्षणापासून बदललेला नाही. त्यातला मजकूर खरा आहे की खोटा, हे ती सांगत नाही. बहिणीचं नाव वगळून केलेली वारसनोंद साखळीत गेली, तर तो अन्याय पक्का होऊन बसतो. कागद साखळीत घालण्याआधीचे ते पंधरा दिवस कुठल्याही तंत्राच्या नावाखाली कमी होऊ देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आता हॅश कायद्यातही आली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 63 नुसार, डिजिटल पुरावा न्यायालयात देताना जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅशसाठी जागा आहे आणि रीती निवडायला चौकटी: एसएचए1, एसएचए256, एमडी5, अन्य. यांतली एमडी5 2004 मध्येच फोडली गेली, आणि एकच एसएचए-1 खूण असलेल्या दोन वेगळ्या फाइली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारी 2017 मध्ये बनवून दाखवल्या. छापील चौकटीत त्या आहेत म्हणून त्यांवर खूण करू नका. एसएचए256 निवडा. आणि घरातले जुने फेरफार, निवाडे, खरेदीखतं स्कॅन करून ठेवत असाल, तर प्रत्येक फाइलची एसएचए-256 त्याच दिवशी काढा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. निघालेली 64 चिन्हं तारखेसह कागदावर छापा, आणि एकेक प्रत भावा-बहिणींपैकी प्रत्येकाकडे द्या.