नोंदवहीत जन्मलेला गुन्हेगार



मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारले होते, "सर, इतिहास म्हणून जे सांगितलं जातं ते खरं की खोटं, हे आमच्यासारख्या साध्या माणसानं ओळखायचं कसं?" तेव्हा वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याजवळ उत्तरही नव्हते. आज एक उदाहरण घेऊन त्या प्रश्नाकडे जाऊ. उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. ते म्हणजे १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा.

आधी कायदा काय होता ते पाहू. एखादी टोळी, जमात किंवा समाजाचा वर्ग सवयीने गुन्हे करतो असे प्रांतिक सरकारला वाटले, की त्याने तसे वरिष्ठ सरकारला कळवायचे. परवानगी मिळाली की राजपत्रात जाहीर करायचे की अमुक जमात गुन्हेगार आहे. मग त्या जमातीच्या लोकांची नोंदवही तयार व्हायची. नाव नोंदवले गेले की त्या माणसाने ठरवून दिलेल्या हद्दीतच राहायचे, हजेरी द्यायची, आणि हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यायचा. पासाशिवाय सापडला तर शिक्षा.

आता बघा, यात गुन्हा कुठे आला? माणसाने काही केले आहे का, हा प्रश्नच विचारला गेला नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहिले. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयात प्रश्न काढता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच होती. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

हे एकाएकी झाले नव्हते. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यात ठगांच्या टोळीतला असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येत होती. म्हणजे 'काय केलेस?' ऐवजी 'कोण आहेस?' हा प्रश्न कायद्यात आधीच शिरला होता. १८७१ मध्ये तो टोळीवरून अख्ख्या जमातीवर गेला. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंदवही होती. सार्वजनिक जागी स्त्रीवेष करणे, नाचगाणे करणे हा त्यांच्यासाठी गुन्हा ठरवला गेला. चोरी आणि नाच यांचा संबंध काय? संबंध एकच. दोघेही सरकारच्या रकान्यात नीट बसत नव्हते.

सुरुवातीला कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १८७६ मध्ये तो बंगालला लागू झाला, आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्याचे दार उघडले. मग आपल्याकडे पारधी, कैकाडी, मांग गारुडी, कंजारभाट अशा अनेक समाजांची नावे यादीत गेली. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथे तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तिथली माणसे कापडगिरण्यांत राबायची आणि कामावरून परत आली की हजेरी द्यायची. मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळेत ठेवण्याची मुभाही कायद्यात होती. आणि या सगळ्याला सरकारी कागदांत नाव काय होते? सुधारणा. सत्ता कधी 'मी तुला बांधते' असं म्हणत नाही बरं का. 'मी तुला सुधारते' असंच म्हणते.

आता प्रचलित कथा काय होती? की या जमाती पिढ्यान्‌पिढ्या चोऱ्याच करत आल्या. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. जातिव्यवस्था बघितलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला हे पटकन पटले, आणि पुष्कळ एतद्देशीय प्रतिष्ठितांनाही पटले. पण जरा मागे जाऊन बघा. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर फिरत असत. १८५३ नंतर रेल्वे पसरत गेली आणि तो व्यापार बसला. फासेपारधी जंगलात फासे लावून जगत. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी जंगल सरकारचे झाले. कालपर्यंतचा व्यापारी भटक्या ठरला, कालपर्यंतचा शिकारी चोर ठरला. कोणी चोरी केलीच नाही असे आम्ही म्हणत नाही. पोट सगळ्यांना असते. पण ज्या राज्याने धंदा काढून घेतला त्याच राज्याने 'यांचा धंदाच चोरी' असे लिहून ठेवले, ही गोष्ट त्या कथेतून गाळली गेली.

इथे आमच्या विषयालाही हात जोडून उभे राहावे लागते. जॉन स्टुअर्ट मिलचा 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ १८५९ चा. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी क्वचित झाला असेल. पण हाच मिल १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी एकतंत्री राज्य चालेल, असे त्याने त्याच ग्रंथात म्हटले आहे. आम्ही तो ग्रंथ कितीतरी वर्षे वर्गात शिकवला. ते वाक्य परीक्षेला येत नसे, म्हणून आम्ही त्यावर थांबत नसू. आता वाटते, थांबायला हवे होते. १८७१ चा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचे खाते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्याकडे होते. त्यांनीच पुढे १८७३ मध्ये मिलच्या स्वातंत्र्यविचाराचा प्रतिवाद करणारा ग्रंथ लिहिला. पुस्तकात दोघे एकमेकांचे विरोधक. पण पालावर राहणाऱ्या माणसाचा प्रश्न आला की दोघेही कुंपणाच्या एकाच बाजूला!

याच सुमारास बोटांच्या ठशांचे शास्त्र तयार होत होते, आणि तेही आपल्याकडेच. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटावर पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांची वर्गवारी जगभर 'हेन्री पद्धत' म्हणून ओळखली जाते, पण तिचे गणित बसवण्याचे मोठे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांनी केले. नाव मात्र साहेबाचे राहिले. कोणाचे नाव कुठल्या वहीत चढते, हे असे ठरते. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या लोकांचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला.

आता थोडे दक्षिण आफ्रिकेत जाऊ, कारण तिथे हाच ठसा आपल्याच लोकांकडून मागितला गेला, आणि त्यांनी दिलेले उत्तर वेगळे होते. १९०६ मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने हिंदी लोकांनी ठसे देऊन नोंदणी करावी, असा वटहुकूम आणला. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली आणि आम्ही हे मानणार नाही अशी शपथ घेतली गेली. गंमत पुढे आहे. जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाली, आणि नोंदणी स्वेच्छेने होणार म्हणून गांधीजी स्वतः ठसे द्यायला निघाले. चिडलेल्या आपल्याच माणसांनी त्यांना रस्त्यात मारले. तरी ते म्हणत राहिले की सक्तीने देणे आणि आपणहून देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सरकारने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी त्याच लोकांनी परवाने कढईत घालून जाळले. बोट तेच, शाई तीच. फरक एवढाच की 'हो' म्हणण्याचा आणि दिलेला 'हो' परत घेण्याचा अधिकार माणसाकडे आहे की नाही. स्वायत्तता या जड शब्दाचा अर्थ आम्हाला तरी इथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

पण ट्रान्सवालच्या हिंदी लोकांकडे वकील होता, वर्तमानपत्र होते, सभेला थिएटर होते. सोलापूरच्या कुंपणातल्या बाईकडे काय होते? न्यायालयाचे दार कायद्यानेच लावलेले. ते वाक्य लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी.

स्वातंत्र्य आले तरी कुंपण लगेच गेले नाही. १९४९ मध्ये अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्या दिवसाला 'विमुक्त दिन' म्हणतात. देश सुटल्यावर पाच वर्षांनी ही माणसे सुटली. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर आता जमात नव्हती, व्यक्ती होती. पण पोलिसांची नजर जुन्याच वहीतून बघत राहिली. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर हा तरुण कोठडीत मेला, तेव्हा महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांनी हा प्रश्न देशापुढे मांडला. आणि अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका.

नजर पोलिसांचीच होती असे म्हणून आम्ही सुटू शकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतून दोन सायकली गेल्या. पलीकडच्या मोकळ्या जागेत चार-पाच पाले होती. बैठकीत कोणीतरी म्हणाले, "दुसरं कोण असणार?" अर्ज लिहिला गेला, सह्या झाल्या. पाचवी सही आमची. तेव्हा आम्ही निवृत्त झालो होतो, नीतिशास्त्रावरचे दोन ग्रंथ कपाटात होते. पालातल्या दोन माणसांना नेले. चौथ्या दिवशी सायकली शेजारच्या इमारतीच्या तळघरात सापडल्या. अर्ज परत घ्यायला आम्ही गेलो, तोवर पाले उठली होती. माफी मागायला माणूसच उरला नव्हता.

त्या श्रोत्याला आता उत्तर देतो. सरकार सांगते म्हणून खोटे, हाही आळसच झाला. कायदा घातक आहे हे शेवटी सरकारी समितीनेही नोंदवले. पण एखाद्या माणसाविषयी सगळेच जण एक गोष्ट खात्रीने सांगू लागले, की एवढे विचारावे: ही नोंद कोणी केली? आणि ज्याच्याविषयी केली त्याला ती खोडायला कुठे जाता येत होते का? जिथे खोडायची सोय नाही, तिथली नोंद खरी असली तरी तिच्यावर विसंबू नये.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. ज्यांची नावे इतरांनी वहीत लिहिली होती, त्यांनी स्वतःची वही लिहिली. गायकवाडांनी तर समाजाने मारलेला शिक्काच पुस्तकाचे नाव म्हणून लावला. ही पुस्तके आपल्याकडे गौरवली गेली, अकादमीचे पुरस्कार मिळाले, आम्हीही ती वाचली होती. त्या अर्जावर सही करण्याच्या कितीतरी आधी.

पुढचे व्याख्यान याच वेळी. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.