टूथपेस्टची अ‍ॅलर्जी: ओठ फुटतात, तोंड सोलवटतं तेव्हा ट्यूबवर काय बघाल?

ओठांच्या कडेला लाल चट्टे, सतत फुटणारी कातडी, दात घासल्यावर गालाच्या आतून निघणारा पांढरा पापुद्रा, जिभेची आग. असं झालं की गावाकडे निदान ठरलेलं असतं, "उष्णता झाली". मग ताक, जिऱ्याचं पाणी, ओठांना तूप. हे सगळं करूनही महिनाभरात फरक नसेल, तर मोरीवरच्या टूथपेस्टकडे एकदा संशयानं बघा.

टूथपेस्टमुळे होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला नुसत्या दाहाचा. पेस्टला फेस यावा म्हणून बहुतेक कंपन्या सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. हाच पदार्थ शाम्पूतही असतो. नाजूक तोंडाच्या माणसाला त्यानं आतली कातडी कोरडी पडते, पापुद्रे निघतात. ज्यांना वारंवार तोंड येतं, त्यांच्यापैकी काहींना फेस कमी करणारी, म्हणजे हा पदार्थ नसलेली पेस्ट घेतल्यावर बराच आराम पडतो. ही अ‍ॅलर्जी नव्हे, पेस्ट बदलली की काही दिवसांत थांबते.

खरी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा चवीची असते. पुदिना, पेपरमिंट, दालचिनी, लवंग यांचे अर्क किंवा त्यांच्यासारखी चव देणारी रसायनं यांत मुख्य. पेस्ट लावली की लगेच काही होत नाही, एक-दोन दिवसांनी ओठ सुजतात, खाजतात, तोंडाभोवती पुरळ येतं. म्हणून पेस्टवर शंका जात नाही. "मी तर दहा वर्षं हीच वापरतोय" हेही कारण चालत नाही. अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही होते, शिवाय खोकं तेच ठेवून कंपनी आतला मसाला बदलू शकते.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. त्रास झाला की कुणीतरी सांगतं, "केमिकलवाली सोडा, आयुर्वेदिक घ्या." पण बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये लवंग, दालचिनी, पुदिना हेच तर मुख्य असतात. ज्याला लवंगेची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या ओठाला ती झाडावरून आली की कारखान्यातून, याचा फरक पडत नाही. उलट त्रास वाढू शकतो.

लेबल कसं वाचायचं

"हायपोअलर्जेनिक" म्हणजे अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी. शून्य नव्हे. आणि हा शब्द कंपनी आपल्या हिशेबानं छापते, त्यावर विसंबू नका. "सेन्सिटिव्ह" लिहिलेली पेस्ट दातांच्या ठणक्यासाठी असते, अ‍ॅलर्जीशी तिचा संबंध असेलच असं नाही.

खोक्यामागची बारीक इंग्रजी यादी फोननं फोटो काढून मोठी करा, गुगल लेन्सनं वाचता येते. सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर ती बाजूला ठेवा. आयुर्वेदिक पेस्टवर वनस्पतींची लॅटिन नावं असतात: मेंथा म्हणजे पुदिन्याची जात, सिनामोमम म्हणजे दालचिनी, सिझिजियम म्हणजे लवंग. अडचण अशी की साध्या पेस्टवर चवीच्या जागी नुसतं "फ्लेवर" लिहिलेलं असतं, आत काय ते कळत नाही. त्यामुळे बिनचवीची किंवा पुदिना नसलेली, कमी घटकांची, पांढरी साधी पेस्ट मागा. तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे नसली तर तो मागवून देतो. तोपर्यंत लहान मुलांची फळाच्या चवीची पेस्ट चालते, फक्त तिच्यात फ्लोराइड कधी कधी मोठ्यांच्या पेस्टच्या निम्मंच असतं. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम आहे. फ्लोराइडची अ‍ॅलर्जी फार म्हणजे फारच दुर्मीळ, उगाच त्याला दोष देऊन ते सोडू नका, दात किडतील.

दोषी पेस्टच आहे का, हे घरी बघता येतं. दोन ते तीन आठवडे ती पूर्ण बंद. मऊ ब्रश आणि साधं पाणी. याच काळात माउथवॉश, पेपरमिंटच्या गोळ्या, च्युइंगगम, सुगंधी लिपबाम हेही बंद, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही. आराम पडला आणि पेस्ट पुन्हा सुरू केल्यावर त्रास परतला, तर उत्तर मिळालं. पेस्ट हातावर लावून बघण्यात अर्थ नाही. फेसाच्या पदार्थानं कुणाचीही कातडी लाल होऊ शकते. पक्की तपासणी म्हणजे पॅच टेस्ट: पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून दोन आणि चार दिवसांनी बघतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात विचारा.

पेस्ट सोडून मिश्री नको

पेस्ट बाधते म्हणून काही बायका मिश्रीकडे वळतात, "तिनं आग होत नाही" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दातांच्या उत्पादनांत तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी केली, ती उगाच नाही. आग थांबल्यासारखी वाटते, व्यसन मात्र लागतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

याची उलटी बाजूही आहे. खर्रा, गुटखा, सुपारी खाणाऱ्याच्या तोंडाची तिखटानं आग होते आणि तो पेस्टला शिव्या देतो. आरशासमोर तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, गाल आतून कडक, पांढरट लागत असतील, तर हा सुपारीचा आजार आहे. पेस्ट बदलून काही होणार नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर थेट दंतवैद्याला दाखवा. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ते असतात. फक्त तोंडाचे कोपरे फाटत असतील तर रक्त कमी आहे का, कवळी सैल आहे का, हेही तपासून घ्या.

पेस्टनंतर लगेच जीभ, घसा सुजला, श्वास लागला तर थांबू नका, १०८ लावा. एरवी डॉक्टरकडे जाताना ट्यूब, माउथवॉश, लिपबाम, सगळं पिशवीत घालून न्या, रिकामं खोकंसुद्धा. "ती लाल ट्यूब" एवढ्यावर डॉक्टरला काही सांगता येत नाही.