लासलगावच्या कांदाभावाचे अंदाज आणि पॅकेजची आवृत्ती

लासलगाव बाजार समितीतल्या कांदाभावाचा अंदाज 'आर' भाषेतल्या 'फोरकास्ट' पॅकेजने काढला, एवढे सांगून भागत नाही. पॅकेजची आवृत्तीही सांगायला हवी. 'इन्स्टॉल.पॅकेजेस' ही आज्ञा दिली की 'क्रॅन' या भांडारातून सहसा त्या दिवशीची ताजी आवृत्ती उतरते, आणि ती ज्यांवर विसंबून आहे ती इतर पॅकेजेही. म्हणजे नाशिकमधल्याच दोन संगणकांवर, दोन वेगळ्या वर्षी, त्याच आज्ञेने निराळी सामग्री बसते. हा फरक किरकोळ नव्हे: २०१९च्या ३.६.० आवृत्तीत खुद्द 'आर'ची यादृच्छिक नमुना निवडण्याची पद्धत बदलली आणि तोच बीजांक देऊनही वेगळे नमुने निघू लागले. नवी आवृत्ती जुन्या चुका सुधारते, मग जुनीचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. (वरच्या बदलामागेही दोषनिवारणच होते.) नव्या कामाला ताजीच घ्यावी, पण छापलेला आकडा पडताळताना आधी तोच आकडा निघायला हवा, एरवी फरक भावांमुळे पडला की पॅकेजमुळे, हे कळणार कसे? 'क्रॅन' जुन्या आवृत्त्या जपून ठेवते, हे खरे. मात्र कोणती मागायची हे लेखकाने नोंदवले असेल तरच त्यांचा उपयोग. 'सेशनइन्फो' ही एक आज्ञा वापरलेल्या आवृत्त्यांची यादी छापून देते, आणि परिशिष्टात तिला सहसा अर्धे पान पुरते.