घोडी कशाची? जवारीचा आणि कायद्याचाही प्रश्न

तारेखाली कोणता पदार्थ असावा, हा प्रश्न तंतुवाद्ये घडविणाऱ्यांना आणि वाजविणाऱ्यांना जगभर पडतो. इलेक्ट्रिक गिटारचा हलता ‘ट्रेमोलो’ कायमचा रोखण्यासाठी आत लाकडाचा तुकडा बसवावा की पितळेचा, यावर गिटारवादक हिरिरीने वाद घालतात. मिरजेतील सतारमेकरांपुढे हाच प्रश्न घोडीच्या रूपाने उभा असतो. येथे मात्र त्याला नादाबरोबरच कायद्याचीही बाजू आहे.

सांगली जिल्ह्यातील मिरजेत तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. मूळचे शस्त्रे घडविणारे कारागीर फरीदसाहेब सतारमेकर यांच्याकडे तिचे मूळ सांगितले जाते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांच्या भोपळ्याविषयी आणि लाकडाविषयी बरेच बोलले जाते. घोडीकडे सहसा लक्ष जात नाही.

जवारी म्हणजे काय?

वाद्याच्या तबलीवर बसविलेला आणि तारांना आधार देणारा आडवा पूल म्हणजे घोडी. व्हायोलिनची घोडी अरुंद धारेची असते; तंबोरा व सतारीची रुंद, पाटासारखी आणि वरून किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार या बाकाला ओझरता स्पर्श करीत राहते व त्यातून जवारीचा झंकार निर्माण होतो. तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका साधला जातो.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची शास्त्रीय मीमांसा केली. तार जेथे छेडली जाते त्या बिंदूवर जे स्वरांश स्थिर असतात, ते रूढ नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तंबोरा आणि वीणेत मात्र ते ठळकपणे ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले आणि त्याचे कारण घोडीच्या रचनेत असल्याचे सांगितले. म्हणजेच झंकार मुख्यतः बाकातून येतो. पदार्थाचे पहिले काम हा बाक टिकवून धरण्याचे आहे.

पदार्थांचे गुणदोष

पूर्वी उंची वाद्यांना हस्तिदंताची घोडी असे. हस्तिदंत घट्ट, गुळगुळीत आणि कानशीने सहज घडविता येणारा पदार्थ. सतारीसाठी सांबरशिंगालाही मोठी मागणी होती. उंटाचे हाड तुलनेने स्वस्त आणि कठीण असते. परंतु त्यातील सूक्ष्म छिद्रे पृष्ठभागावर उघडी पडल्यास तार खरखरते. आबनूस आणि शिसव या लाकडांच्या घोडीचा नाद मऊ व गोल मानला जातो. मात्र पोलादी तार लाकडात लवकर खाच पाडते, त्यामुळे जवारी वारंवार काढावी लागते. दमट हवेचा परिणामही लाकडावर अधिक होतो.

अलीकडे डेलरिनसारख्या कृत्रिम पदार्थांच्या घोड्या रुळल्या आहेत. त्यांना रेषा वा छिद्रे नसतात, दमटपणाचा त्रास जवळजवळ नसतो आणि प्रत्येक तुकडा सारखाच मिळतो. शिंगाच्या नादातील ऊब त्यांत नाही, असे काही वादकांचे मत आहे. तर काहींना त्यांचा टिकाऊपणा अधिक मोलाचा वाटतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार, तर १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद केला. सांबरशिंगाची खरेदी-विक्रीही आज बेकायदा आहे. घराण्यातून आलेल्या जुन्या वाद्याला हस्तिदंत असेल, तर ते बाळगण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचे मालकी प्रमाणपत्र लागते आणि ते विकता येत नाही. असे वाद्य विनापरवाना परदेशी नेल्यास ते जप्त होऊ शकते. शिसव २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तथापि तयार वाद्यांना व त्यांच्या सुट्या भागांना २०१९ च्या परिषदेत सूट देण्यात आली.

निवड कशी करावी?

रोज रियाज करणाऱ्या आणि जवारी काढणारा कारागीर जवळ नसलेल्या विद्यार्थ्याला कृत्रिम घोडी सोयीची पडते. मऊ आस हवी असलेल्या गायकाने तंबोऱ्याला आबनुसाची घोडी बसवावी आणि वरचेवर देखभालीची तयारी ठेवावी. खुल्या, धारदार नादाची आवड असलेल्या सतारवादकाने नीट घासून गुळगुळीत केलेले उंटाचे हाड पाहावे. खरेदीच्या वेळी घोडी कशाची आहे, हे विचारून पावतीवर लिहून घेणे हिताचे.

जवारी काढताना प्रत्येक वेळी घोडीचा थोडा थर घासला जातो आणि तिची उंची घटते. पुरेशी उंची उरली नाही की घोडी बदलावी लागते. हस्तिदंत असो वा डेलरिन, हा नियम कोणालाही चुकलेला नाही. उत्तम पदार्थावर बाक चुकला तर तार मुकी राहते. साध्या लाकडावर तो साधला तर तंबोरा बोलू लागतो. म्हणून घोडीच्या पदार्थाची चौकशी करणाऱ्याने जवारी कोण काढणार, हेही त्याच वेळी विचारावे.